आधणाचं भांडं



मागच्या पावसाळ्यात याच जागी आम्ही 'परंपरा म्हणजे काय' या विषयावर बोललो होतो. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा इथे होते, आणि जे नव्हते त्यांनी ते नंतर वाचलं असेल, कारण ही व्याख्यानं उतरवून घेतली जातात. उतरवून घेतलेलं बोलणं ही मोठी जोखमीची गोष्ट. वर्गात केलेली चूक तासाच्या घंटेबरोबर विरून जाते. इथली मात्र तशीच राहते. म्हणून आज आधी एक कबुली देतो आणि मग तिच्या पोटातून निघालेला इतिहास सांगतो.

त्या दिवशी आम्ही टेबलावर एक वस्तू ठेवली होती. काळी, हाताला जड, अंगभर बारीक फोडांची नक्षी, वर अर्धगोल कडी. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने जपानहून आणलेली ओतीव लोखंडाची चहादाणी. आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, की पाहा, जपानचे झेन भिक्षू आठशे वर्षं अशाच भांड्यात चहा करत आले, आणि या भांड्यात फरक पडलेला नाही, म्हणून याला परंपरा म्हणायचं. टाळ्याही पडल्या.

व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढे आल्या. बरीच वर्षं जपानात राहून आलेल्या. म्हणाल्या, "सर, याच्या आत पाहिलंय का?" झाकण आम्ही शंभरदा उघडलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं. आत काचेसारखा गुळगुळीत थर होता आणि तोंडात स्टीलच्या जाळीची वाटी बसवलेली होती. बाई म्हणाल्या, "हे चहादाणी आहे खरं, पण ही अगदी अलीकडची. हिला विस्तवावर ठेवायचं नसतं. आणि तुम्ही जिच्याबद्दल बोललात, ती चहादाणी नाहीच. तिच्यात चहा कधी करतच नाहीत. नुसतं पाणी."

आम्ही तीसेक वर्षं मुलांना न्यायशास्त्र शिकवलं. 'छल' शिकवताना नैयायिकांचं जुनं उदाहरण द्यायचो. 'हा मुलगा नवकंबल आहे' असं कोणी म्हटलं. बोलणाऱ्याच्या मनात 'नव' म्हणजे नवी घोंगडी; आणि वाद घालणारा म्हणतो, कुठे आहेत याच्या नऊ घोंगड्या? एका शब्दाच्या दोन अर्थांवर घसरायचं, तो वाक्छल. दुसऱ्याने केला तर आम्ही लगेच पकडला असता. इथे आम्ही स्वतःच एका शब्दावरून घसरलो होतो, आणि तेही इतकी माणसं बसलेली असताना.

तो शब्द म्हणजे 'तेत्सुबिन'. तेत्सु म्हणजे लोखंड, बिन म्हणजे बाटलीसारखं, तोटीचं भांडं. जपानी घरात तेत्सुबिन म्हणजे पाणी उकळायची लोखंडी किटली. चहाचं पान ज्यात भिजत घालतात ते भांडं निराळं, त्याला म्हणतात क्यूसु. ते बहुधा मातीचं असतं, तळहातावर मावेल एवढं, आणि त्याची मूठ बाजूला काढलेली असते. दोन कामं, दोन भांडी. परदेशी बाजारात मात्र आतून इनॅमल चढवलेल्या लोखंडी चहादाणीलाच तेत्सुबिन म्हणू लागले, आणि एका भांड्याचं वय दुसऱ्याला चिकटलं.

आमची गफलत व्हायला एक मराठी कारणही आहे. आपल्या घरात चहा 'ठेवतात'. पाणी, साखर, पूड, आलं, दूध, सगळं एकाच पातेल्यात. आपली किटली आधण ठेवायची नसून झालेला चहा टपरीवरून कचेरीत न्यायची. त्यामुळे पाणी तापवणं आणि चहा करणं या दोन निराळ्या क्रिया आहेत, त्यांना दोन निराळी भांडी लागतात, हे आपल्या हातांना माहीतच नाही. पण शब्द आपल्याकडे आहे, आणि फार चांगला आहे. पिठल्यासाठी, उकडीसाठी आपण काय ठेवतो? आधण. तेत्सुबिन हे आधणाचं भांडं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास सरळ लागतो.

आता ती आठशे वर्षं बघू. एइसाई नावाचा भिक्षू ११९१ साली चीनहून परतला, चहाच्या बिया घेऊन, आणि १२११ साली त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर पुस्तक लिहिलं. इथवर आमचा हिशेब बरोबर होता. पण तो चहा कसला? पानं जात्यावर दळून केलेली हिरवी पूड. ती वाडग्यात टाकायची, वर गरम पाणी ओतायचं, बांबूच्या छोट्या रवीने घुसळायचं आणि पुडीसकट प्यायचं. गाळायला काही उरतच नाही, मग चहादाणी लागते कशाला? लागतं ते फक्त पाणी उकळायचं भांडं, आणि ते होतं 'कामा'. कामा म्हणजे ओतीव लोखंडाचा हंडा म्हणा. त्याला तोटी नाही, कडी नाही. दोन्ही बाजूंना छोटे कान असतात, हलवायचं असेल तेव्हा त्यात सुट्या कड्या अडकवायच्या. पाणी काढायचं ते बांबूच्या पळीने.

हे कामा घडवणारी दोन गावं जुन्या काळी गाजलेली होती. दक्षिणेला क्युशू बेटावरचं आशिया, तिथल्या कामांचं अंग तुळतुळीत आणि त्यावर पाइनची झाडं, घोडे, डोंगर. आणि पूर्वेला तेन्म्यो, म्हणजे आजचं सानो. तिथलं अंग खडबडीत. पुढे क्योतोचे ओतारी पुढे आले. त्यातला त्सुजी योजिरो हा सेन नो रिक्यूसाठी कामा ओतायचा. रिक्यूचं नाव आपण ऐकलं असेल. १५२२ चा जन्म. चहाच्या विधीला त्याने जे रूप दिलं ते आजही चालू आहे, आणि १५९१ साली त्याचा धनी तोयोतोमी हिदेयोशी याच्याच हुकमावरून त्याला पोट फाडून मरावं लागलं.

चहा आणि तलवार इतकी जवळ होती, हे मनात ठेवल्याशिवाय लोखंडाच्या एका हंड्याची किंमत कळत नाही. १५७७ सालची गोष्ट. मात्सुनागा हिसाहिदे नावाचा सरदार ओदा नोबुनागावर उलटला आणि शिगिसान किल्ल्यात वेढला गेला. त्याच्याकडे 'हिरागुमो' नावाचा कामा होता. हिरागुमो म्हणजे चपटा कोळी. तो दिसायचाच तसा, बसका. नोबुनागाला तो कामा हवा होता. सांगतात असं, की हिसाहिदेने तो त्याच्या हाती लागू दिला नाही. फोडला आणि मग स्वतः मेला. पुढच्या लोकांनी त्यात बंदुकीची दारू घालून गोष्ट आणखी रंगवली. ती सोडून देऊ. पण पाणी उकळायच्या भांड्यासाठी किल्ला अडावा, ही कल्पनाच पाहा.

याच्या उलट बाजूला दुसरा माणूस आहे, आणि आम्हाला तो अधिक जवळचा वाटतो. रिक्यूचा शिष्य यामानोउए सोजी याने आपल्या टिपणांत त्याची नोंद ठेवली आहे. क्योतोच्या आवातागुची भागात राहणारा झेन्पो. याच्याकडे जन्मभर एकच भांडं होतं, दारू कोमट करायचं तोटीचं लोखंडी भांडं. त्यातच तो जेवण रांधायचा आणि त्यातच चहाचं आधण ठेवायचा. मुराता जुको, म्हणजे ज्याला या साध्या चहाचा आद्य पुरुष मानतात, त्याने झेन्पोची मनापासून तारीफ केली होती. तोटीच्या लोखंडी भांड्यातून चहाचं पाणी ओतणारा माणूस म्हणून आम्हाला तो दिसतो, आणि तोटी तिथे आहे ती केवळ गरिबीमुळे. ज्याच्याकडे कामा घ्यायला पैसे नाहीत, त्याच्याकडे तोटी आहे.

मधल्या काळात हिदेयोशीने एक गंमत केली. १५८७ च्या शरदात क्योतोच्या कितानो देवळाच्या आवारात त्याने प्रचंड चहामेळा भरवला. जाहीर फलक लावले, की शेतकरी असो, दुकानदार असो, ज्याला चहाची आवड आहे त्याने यावं. सोबत एक कामा, एक बादली, एक वाडगा आणावा. चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचं पीठ चालेल. दहा दिवस चालायचा मेळा एका दिवसात आटोपला. का आटोपला यावर इतिहासकारांची मतं निरनिराळी आहेत. आम्हाला त्या फलकातली यादीच महत्त्वाची वाटते. चहा नसला तरी चालेल, पण आधणाचं भांडं पाहिजे!

आता तोटी रीतसर कधी आली? तर चहा बदलला तेव्हा. १६५४ साली इन्गेन नावाचा चिनी भिक्षू नागासाकीला उतरला. त्याने उजीजवळ मान्पुकुजी हा मठ उभारला, आणि त्याच्या मंडळींबरोबर पान भिजवून, गाळून पिण्याची चिनी तऱ्हा रुजली. १७३८ साली उजीजवळच्या नागातानी सोएनने पान वाफवून, हाताने मळून, वाळवण्याची रीत बसवली आणि हिरवागार, सुवासिक 'सेन्चा' तयार झाला. पूड नाही, पान. वाडगा आणि रवी नाही, छोटी चहादाणी आणि पेले. आणि चहादाणीच्या अरुंद तोंडात पळीने पाणी ओतून बघा म्हणजे तोटीची गरज का पडली ते समजेल!

या नव्या चहाचा संत म्हणजे बाइसाओ. बाइसाओ म्हणजे 'चहा विकणारा म्हातारा'. जन्म १६७५ चा, ओबाकू पंथाचा भिक्षू. मठ सोडल्यावर, साठीच्या आसपास, त्याने खांद्यावर भांड्यांची कावड घेतली आणि क्योतोच्या निसर्गरम्य जागी बसून तो चहा विकू लागला. त्याच्या पाटीचा आशय असा होता, की सोन्याची नाणी द्या नाहीतर कवडी द्या, फुकट प्यायलात तरी हरकत नाही. फक्त फुकटापेक्षा कमी घेता येणार नाही. १७५५ साली, ऐंशीच्या घरात, त्याने आपली भांडी स्वतःच्या हाताने जाळून टाकली, आपल्यामागे ती कुठल्या तरी शौकिनाच्या हाती पडून मिरवली जाऊ नयेत म्हणून. झालं काय, तर लोकांनी त्या भांड्यांची चित्रं काढली, ती छापली, आणि नकला होत राहिल्या. (हशा.) एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. बाइसाओची आणि त्याच्या पंथातल्या रसिकांची आवड मातीच्या किटलीकडे होती. लोखंडी किटलीला मान मिळाला तो रसिकांकडून नव्हे. ती घराघरातल्या चुलीवरून वर आली.

ती वर आली उत्तरेत, मोरिओकाला. जपानच्या मुख्य बेटाचा हा थंड, बर्फाळ भाग; इथे नाम्बु घराण्याची जहागीर होती. आजचा इवाते प्रांत. डोंगरात लोहवाळू, नदीकाठी साच्याला लागणारी वाळू आणि माती, रानात कोळशाला लाकूड, आणि उरुशी नावाच्या झाडाचा चीक, ज्याच्यापासून जपानी लाख-रोगण होतं. ओतकामाला लागणारं सगळं हाताशी. नव्हता तो चहाचा कामा ओतणारा कारागीर. म्हणून नाम्बु सरदाराने १६५९ साली क्योतोहून कोइझुमी निझाएमोन नावाचा ओतारी बोलावून घेतला. मोरिओकाची परंपरा सांगते, की याच घराण्यातल्या तिसऱ्या निझाएमोनने अठराव्या शतकात कामाचा आकार लहान केला, त्याला तोटी लावली, आणि ज्या कानांत पूर्वी सुट्या कड्या अडकवायचे त्या कानांत कायमची कडी बसवली. तेत्सुबिन झाली. तिच्या खांद्यावरचे ते दोन कान आजही नीट पाहिले तर कामाची ओळख सांगतात. जुनी ओळख बहुधा अशी सांध्यात शिल्लक राहते. आपल्या आडनावांचं तसंच असतं.

म्हणजे आमची आठशे वर्षं अडीचशे-तीनशेवर आली. आणि तीसुद्धा मठातली नाहीत. क्योतोतही पुढे र्‍यूबुन्दोसारख्या कारखान्यांनी मेणाच्या साच्यातून फार नाजूक तेत्सुबिन ओतल्या, त्यांची झाकणं बहुधा ब्राँझची असत. आज चिनी संग्राहक त्यांना जबर किंमत देतात. पण बहुसंख्य तेत्सुबिन जगल्या त्या घरातल्या अंगठीवर, निखाऱ्यांच्या राखेत रोवलेल्या तिपाईवर, दिवसभर मंद तापत. पाहुणा आला की पाणी तयार. हिवाळ्यात खोलीत तेवढीच वाफ.

आता ती करतात कशी, हे जरा सावकाश सांगतो, कारण ते समजून घेताना आम्हाला आमच्या विषयातलं बरंच काही कळलं.

प्रथम चित्र. मग त्या चित्राच्या अर्ध्या रेषेबरहुकूम पातळ फळी कापतात. भाजक्या मातीच्या कड्यात वाळू आणि माती भरून ती फळी मध्यावर गरगरा फिरवतात. आधी जाडी वाळू, मग बारीक, मग चाळलेल्या मातीचा लगदा. असा पोकळ साचा तयार होतो, आणि तो उलटा असतो, म्हणजे किटलीचं बाहेरचं अंग साच्याच्या आतल्या अंगावर. ओला असतानाच त्यावर नक्षी उमटवायची. ते फोड आम्ही सांगितले ना, त्यांना 'आरारे' म्हणतात, म्हणजे गारा. प्रत्येक गार म्हणजे साच्यात टोकदार काडीने दाबलेला एक खळगा. एकेक, हाताने, ओळीने. आणि ओळ वर चढते तसा खळगा लहान होत जायला हवा, नाहीतर नक्षी तोंडाशी गर्दी करते. आपण बोटांखाली जो उंचवटा चाचपतो, तो कारागिराने खळगा म्हणून केलेला असतो. मग साचा भाजायचा, पोटात वाळूचा गाभा बसवायचा, आणि साचा व गाभा यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत वितळलेलं लोखंड ओतायचं. निवलं की गाभा फोडून काढायचा. थोडक्यात, भांड्याची जाडी म्हणजे दोन मातींमधली रिकामी जागा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने इथे थांबून शून्यतेवर पाऊण तास बोलायचं असतं. आम्ही मोह आवरतो.

त्यानंतरची पायरी खरी गुरुकिल्ली आहे. बिडाला पाणी लागलं की गंज चढणार. आपल्या बिडाच्या तव्याला आपण तेल देतो ते त्याचसाठी. पण ज्यात पाणी उकळायचं त्याला तेल कसं चालेल? म्हणून मोरिओकाचे लोक तयार किटली पुन्हा कोळशाच्या भट्टीत घालतात, आठशे-हजार अंशांपर्यंत लाल करतात. पृष्ठभागावर लोखंडाच्या ऑक्साइडचा काळसर, घट्ट पापुद्रा धरतो. गंजही ऑक्साइडच, पण तो भुसभुशीत, आणि हा दाट. एका विकाराने दुसरा अडवायचा. आतल्या अंगाला एवढंच संरक्षण. बाकी काही लावत नाहीत. बाहेरून मात्र किटली तापवून उरुशीचा चीक भाजून बसवतात आणि वर 'ओहागुरो' फासतात.

ओहागुरो हा शब्द ऐकून आम्ही दचकलो, कारण त्याचा पहिला अर्थ दात काळे करायचं द्रावण. लोखंडाचे तुकडे आंबट द्रवात मुरवून केलेलं. जपानी विवाहित स्त्रिया शेकडो वर्षं ते दातांना लावत. १८७३ साली सम्राज्ञीने ते लावणं सोडलं आणि प्रथा ओसरत गेली. इथे आम्हाला आमची पणजी आठवली. तिचे दात दातवणाने काळे झालेले होते. आपल्याकडच्या जुन्या सवाष्णींचे असायचेच. हिराकस आणि हिरडा, म्हणजे लोखंडाचा क्षार आणि तुरट फळ, यांतून काळा रंग होतो. किटलीवर फासायच्या ओहागुरोत चहाचा काढा मिसळतात, तिथेही तेच: लोखंड आणि चहातला तुरट अंश. दोन देशांनी एकमेकांना न विचारता शोधलेलं एकच रसायन.

आणि याच रसायनाने आम्हाला वाचवलं, ते असं. त्या बाईंनी नुसतं चुकीवर बोट ठेवलं नाही, स्वतःची खरीखुरी तेत्सुबिन आम्हाला महिनाभर वापरायला दिली. त्यांच्या तिकडच्या घरमालकिणीने निरोपाला दिलेली, बरीच जुनी. सूचना तीनच. मंद आचेवर ठेवा. आत घासणी, साबण, हात, काहीही घालू नका. आणि पाणी संपलं की झाकण उघडं टाका, भांड्याच्या उष्णतेनेच ते कोरडं होईल. आम्ही दोन सूचना पाळल्या. तिसरी एका रात्री विसरलो, पाणी तसंच राहिलं, आणि आम्ही त्याच संध्याकाळी गावाला गेलो. चार दिवसांनी झाकण उघडलं तर तळाशी नारिंगी गंज, पाणी तांबूस. दुसऱ्याची वस्तू. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पंच्याहत्तरीच्या माणसाला किटलीपायी झोप येऊ नये, हे घरात कोणाला पटेना.

शेवटी फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, मलमलच्या पुरचुंडीत हिरव्या चहाची पानं बांधा आणि किटलीत पाण्याबरोबर अर्धा तास मंद उकळा. आम्ही केलं. पाणी बघता बघता दौतीतल्या शाईसारखं काळं झालं. ओतून टाकलं, पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं. तळाचा नारिंगी डाग काळा पडून धरून बसला होता. चहातल्या टॅनिनने गंज बांधून टाकला होता. किटलीत चहा करायचा नसतो, पण किटली आजारी पडली तर औषध चहाच! म्हणून आम्ही जे 'कधीच नाही' असं ऐकलं होतं, त्यालाही एवढा अपवाद निघाला. आत पांढुरका थर दिसत होता, तो मात्र गंज नव्हे. ते पाण्यातले क्षार. जपानी माणूस त्याला युआका म्हणतो आणि जपतो, कारण त्याच्याखाली लोखंड सुरक्षित राहतं. आपण किटलीत असा थर दिसला की व्हिनेगर शोधतो.

आता चहा. तिघांसाठी सेन्चाचं साधारण ६ ग्रॅम पान, १८० मिलिलिटर पाणी. तेत्सुबिनमध्ये पाणी खळखळून उकळलं की ते आधी पेल्यांत ओतायचं. याने पेले गरम होतात, पाणी मोजलं जातं आणि ते निवतंही. सेन्चाला ७०-८० अंश पुरे. उकळतं पाणी घातलं तर तुरटपणा धावून पुढे येतो. 'ग्योकुरो' हा सावलीत वाढवलेला उंची चहा, त्याला तर ५०-६० च. मग पेल्यांतलं पाणी क्यूसुमधल्या पानांवर घालायचं, मिनिट-दीड मिनिट थांबायचं, आणि तिन्ही पेल्यांत थोडं थोडं आळीपाळीने ओतायचं, म्हणजे कोणाला पाणचट आणि कोणाला कडू असं होत नाही. शेवटचा थेंबही निथळू द्यायचा, नाहीतर उरलेल्या पाण्यात पान कडू होऊन दुसरा घाणा बिघडतो. आमच्या घरी पहिल्या पेल्यावरचा अभिप्राय 'पालकाचं पाणी' असा होता. तिसऱ्या दिवशी अभिप्राय थांबले आणि पेला मात्र रिकामा होऊ लागला.

लोखंडामुळे पाणी गोड लागतं असं पिणारे सांगतात. लोखंडाचा सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो हे खरं आहे. पण दुकानांत 'या चहादाणीने अंगात लोह वाढतं' असं जे सांगतात, त्याला आम्ही मान डोलावणार नाही. इनॅमलच्या थरातून लोखंड बाहेर येणार कुठून? आणि उघड्या लोखंडातून आलं तरी चहातलं टॅनिन त्याला बांधून ठेवतं. ते किती बांधतं, ते आम्ही त्या काळ्या पाण्यात डोळ्यांनी पाहिलं.

राहिला प्रश्न त्या पहिल्या, इनॅमलवाल्या चहादाणीचा. तिची गोष्ट युद्धापासून सुरू होते. १९०८ साली युवराज, म्हणजे पुढचे सम्राट ताइशो, उत्तरेच्या दौऱ्यावर आले. आठव्या निझाएमोनने त्यांच्यापुढे तेत्सुबिन करून दाखवली आणि नाम्बु लोखंडाचं नाव देशभर झालं. पुढे १९४१ साली सरकारने धातू गोळा करण्याचा हुकूम काढला. देवळांच्या घंटा गेल्या, घराघरातल्या किटल्या गेल्या. टोकियोतल्या शिबुया स्टेशनबाहेरच्या त्या प्रसिद्ध हाचिको कुत्र्याचा पुतळासुद्धा वितळवला. आज दिसतो तो १९४८ चा. मोरिओकाच्या ओताऱ्यांपैकी अगदी मोजक्यांना किटल्या ओतायची परवानगी उरली. युद्ध संपलं तेव्हा बाजारात ॲल्युमिनियम आलं, मागून गॅस आला, घरातली अंगठी गेली. जिच्यावर किटली दिवसभर बसायची ती जागाच नाहीशी झाली. १९७५ साली सरकारने नाम्बु लोखंडाला अधिकृत 'पारंपरिक हस्तकला' ठरवलं. एखाद्या वस्तूला परंपरा म्हणून सरकारी दाखला मिळतो, तेव्हा ती बहुधा स्वयंपाकघरातून उठलेली असते.

ओतशाळा तग धरून राहिल्या त्या दुसऱ्याच वाटेने. गंजू नये म्हणून आतून इनॅमल चढवलेली छोटी लोखंडी क्यूसु त्या करू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समधल्या चहाविक्रेत्यांनी ती लाल, निळी, हिरवी मागितली. त्या दुकानांतून ती जगभर गेली, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या पिशवीतून इथे आली.

मग ही खोटी का? मागच्या वर्षी त्या बाई बोलल्या तेव्हा पहिल्या तिडिकेत आम्हाला तसंच वाटलं. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली 'रचलेल्या परंपरा' ही कल्पना मांडली, तेव्हापासून आमच्या पेशातल्या लोकांना जुनं काही दिसलं की ते नवं आहे हे सिद्ध करायची खाजच असते. पण इथे ते पुरेसं नाही. ही चहादाणी त्याच गावातल्या ओतशाळांत, तशाच साच्यांच्या विद्येतून, त्याच गारांची नक्षी घेऊन येते. तिने ते कारखाने चालू ठेवले, म्हणून खरी तेत्सुबिनही आज ओतली जाते. कामाला तोटी लावणाऱ्या तिसऱ्या निझाएमोनलाही कोणी जुना रसिक म्हणाला असेल, हे काय भलतंच! चूक चहादाणीची नव्हतीच. चूक आमच्या वाक्याची होती. 'आठशे वर्षं' हे खोटं, 'भिक्षू' हे जवळजवळ खोटं, आणि 'फरक पडला नाही' हे तर सर्वांत खोटं. मागच्या व्याख्यानाच्या उतरवलेल्या मजकुरात ते वाक्य आहे. ते काढून टाकू नका, अशी आमची संयोजकांना विनंती आहे. फक्त तिथे आजच्या व्याख्यानाची खूण करा.

बाईंची तेत्सुबिन आम्ही परत केली. त्यांनी खिडकीपाशी नेऊन तळ पाहिला, त्यात पाणी उकळलं, घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे." तेवढंच. आज त्या इथे पहिल्या रांगेत आहेत, आणि किटली त्यांनीच आणली आहे. या कोपऱ्यातल्या शेगडीवर व्याख्यान सुरू झाल्यापासून तीच बसली आहे.

आता बोलणं थांबवतो, कारण एक गोष्ट ऐकायची राहिली आहे. आठव्या शतकात लू यू नावाच्या चिनी पंडिताने उकळत्या पाण्याच्या तीन पायऱ्या लिहून ठेवल्या: आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, मग काठाशी मोत्यांच्या माळा, मग लाटा. जपानी ओताऱ्यांनी त्यात आवाजाची भर घातली. काही कामांत, आणि काही तेत्सुबिनमध्येही, तळाला लोखंडाच्या पातळ चकत्या लाखेने चिकटवतात; त्यांच्याखाली वाफ अडते, सुटते, आणि पाइनच्या रानातून वारा जावा तसा आवाज येतो. ही किटली त्यातली आहे. पंखा जरा बंद करा. आणि तो ध्वनिक्षेपक इकडे आणा, शेगडीपाशी.